अनामत कोणाची, भरपाई कोणाला?

(फैजपूर येथील हिवाळी व्याख्यानमालेत जानेवारी २०२६ मध्ये दिलेले व्याख्यान)



मला कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. पण सुरुवात गुडघ्यापासून करतो.

माझी एक मावशी याच तालुक्यातली. तिचे गुडघे फार दुखायला लागले तेव्हा आम्ही तिला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. खिडकीवर नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, सगळं लिहून दिलं. एक्स-रे निघाला. सांध्याची झीज आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती घरी आली आणि चौथ्या दिवशी तिला फोन आला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता. गुडघ्यांवर लावायचं तेल होतं त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी पट्टा विकणाऱ्याचा फोन. आठवड्याने शस्त्रक्रियेसाठी कर्ज देणाऱ्याचा. मावशीला राग आला नाही, तिला भीती वाटली. ती मला म्हणाली, "मी तं जवायाले बी नव्हतं सांगतलं. मंग याले कोनं सांगतलं?"

तिच्या या प्रश्नात आजचा सगळा विषय आहे. मी ग्राहक न्यायालयात वकिली करतो. कागद वाचण्याची सवय आहे, म्हणून रुग्णालयाची पावती काढून बघितली. तिच्या आडनावातलं एक अक्षर पावतीवर चुकलं होतं. आधारवर बरोबर, बँकेत बरोबर, फक्त त्या पावतीवर चूक. आणि फोन करणारे तिघेही तिला त्याच चुकलेल्या आडनावाने हाक मारत होते.

आम्ही पत्र लिहिलं. आमच्याकडून कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. मी म्हटलं, तक्रार करू. मावशी म्हणाली, नको. एकाला कळलं तर एवढं, आता दुखणं कोर्टात चारचौघांसमोर मांडायचं का? तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. शेत गेलं तर दावा लावताना शेत आणखी जात नाही. खासगी गोष्ट गेल्याचा दावा लावायचा तर तीच गोष्ट पुन्हा एकदा सगळ्यांना सांगावी लागते. माणसं गप्प बसतात ती याच कारणाने.

आता एक जुना शब्द घेतो. अनामत. आपल्याकडे यात्रेला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाताना बायका डागिने शेजारणीकडे ठेवून जात. कागद नाही, साक्षीदार नाही, पण त्या व्यवहाराचे नियम पोरासोरांनाही ठाऊक असत. ज्याच्याकडे अनामत ठेवली त्याने ती अंगावर घालून मिरवायची नाही. गहाण टाकायची नाही. अमकीचा चपलाहार माझ्याकडे आहे, असं पाणवठ्यावर बोलायचं नाही. मागितली त्या दिवशी परत द्यायची. आणि हरवली, चोरीला गेली, तर ठेवणारीची भरपाई करायची, भले स्वतःचा डाग मोडावा लागो.

आपण खिडकीवर नाव, नंबर, दुखणं, खातं लिहून देतो तेव्हा ती माहिती विकत नसतो आणि दानही करत नसतो. एका कामासाठी ठेवायला देतो. ती अनामतच आहे. आणि माझ्यासारख्या माणसाला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हाच विचार धरला आहे. माहिती गोळा करणाऱ्याला या कायद्यात मालक म्हटलेलं नाही. इंग्रजीत त्याच्यासाठी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ होतो विश्वस्त. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २७ जुलै २०१८ रोजी अहवाल दिला, त्यात हा शब्द विचारपूर्वक निवडला होता. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे तेच हे न्यायमूर्ती. बँक, रुग्णालय, दुकान, फोनमधलं ॲप हे सगळे विश्वस्त. अनामतीचे पहिले चार नियम कायद्याने घेतले. पाचवा, भरपाईचा, त्याने घेतला नाही. मला आज मुख्यतः त्या पाचव्याविषयी बोलायचं आहे. पण पहिले चार आपल्याला कसे मिळाले ते आधी सांगतो, कारण त्या गोष्टीची सुरुवात आपल्या खानदेशात झाली.

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, आदिवासींचं लहानसं गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक त्या गावातल्या माणसांच्या हाती दिले. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्यालाही स्वतःची ओळख मिळावी, हा हेतू होता आणि तो चांगला होता. कागद नाही म्हणून रेशन नाकारलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी हे पटवून द्यायला नको. पण बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा सरकारजमा होत होती, तेव्हा ती कशी वापरायची, कोणाला द्यायची, याचा कायदाच नव्हता. आधारचा कायदा २०१६ साली झाला. तोवर कोट्यवधी लोकांचे ठसे देऊन झाले होते.

२०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. सुनावणीत सरकारचे सर्वांत मोठे वकील म्हणाले की भारताच्या राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. त्यांच्या म्हणण्याला आधार होते दोन जुने निकाल, एक १९५४ चा आणि एक १९६२ चा. १९६२ चा खटला खडकसिंग नावाच्या माणसाचा. पोलिस रात्री-अपरात्री त्याच्या घराचं दार ठोठावत, घरात आहे की नाही बघत. न्यायालयाने रात्रीच्या त्या फेऱ्या रद्द केल्या, पण त्याच निकालात म्हटलं की खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही. तो निकाल पंचावन्न वर्षं उभा होता.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो बाजूला सारला. खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असं ते म्हणाले. त्या नऊ जणांत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. चंद्रचूडांच्या निकालपत्रापाशी मला थोडं थांबायचं आहे.

आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला होता की आणीबाणी चालू असताना बेकायदा अटकेविरुद्धही नागरिक न्यायालयात दाद मागू शकत नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना उभे राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतातल्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, पुण्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. एकेचाळीस वर्षांनी त्यांच्या मुलाने खासगीपणाच्या निकालात लिहिलं की ते बहुमत चुकीचं होतं, आणि तो निकाल रद्द ठरवला. आपल्या घरात वडिलांचा शब्द खाली पडू देत नाहीत. पण त्या न्यायासनावर बसलेल्या मुलाने वडिलांचा मान आणि नागरिकाचं स्वातंत्र्य यांतलं दुसरं निवडलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी माझा आवाज जड होतो.

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचा निकाल लागला. आधार टिकलं. पण मोबाइलच्या सिमला आणि बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती गेली, आणि खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद न्यायालयाने तेवढ्यापुरती रद्द केली. आज सिमच्या दुकानात कोणी म्हणालं की आधारशिवाय चालणारच नाही, तर त्याला हा निकाल माहीत नाही. आणि द्यायचंच असेल तर ज्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात ती प्रत द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती मोफत काढता येते.

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकतो. म्हणणारी माणसं सरळ असतात, म्हणून त्यांना केळीच्या भाषेत सांगतो. घड तयार झाला की तो तुमच्यासाठी थांबत नाही. चार दिवस इकडे-तिकडे, मग कापणी करावीच लागते. भाव ठरवताना तुमच्या हाती एकच गोष्ट असते. तुम्हाला पैशांची घाई आहे की नाही हे समोरच्याला ठाऊक नसतं. आता समजा, ते त्याला ठाऊक आहे. तुमच्या पीककर्जाच्या हप्त्याची तारीख, लेकीचा साखरपुडा, दवाखान्याचं बिल, सगळं त्याच्या फोनमध्ये आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुम्ही गरजवंत आहात हे त्याला आधीच कळलं तर तुमची अक्कल असून उपयोग नाही. तुम्ही काही लपवत नव्हता, फक्त मूठ झाकलेली होती, आणि झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख असते हे आपल्या म्हणीला कायद्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

हे सावद्याच्या केळीबाजारात घडतं असं मी म्हणत नाही. कर्ज देणाऱ्या ॲप्सच्या बाबतीत मात्र हे घडलं. दहा हजार रुपयांसाठी माणसाने ॲप घेतलं, ॲपने फोनमधली सगळी नावं-नंबर उचलले, आणि हप्ता चुकला की सासऱ्याला, शिक्षकाला, गावातल्या ओळखीच्या प्रत्येकाला घाणेरडे संदेश गेले. लाजेपोटी काहींनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम केले की तिच्या अखत्यारीतल्या कर्जदात्यांच्या ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदींना हात लावायचा नाही. त्या नियमानंतर जे ॲप तुमची संपर्क यादी मागतं, ते कायद्याने चालणाऱ्या माणसाचं नाही, एवढं ओळखा आणि तिथेच सोडा. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच, त्याच तासात फोन करा. उशीर झाला की पैसा चार खात्यांतून फिरून निघून जातो.

आता २०२३ चा कायदा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची सही झाली, पण नियम यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ते गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात आले. त्यातही विश्वस्तांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतील. मी जे सांगतो आहे ते उंबरठ्यावर आलेलं आहे, पुरतं घरात आलेलं नाही.

या कायद्यात संमती कशी असावी ते नीट लिहिलं आहे. ती मोकळेपणाने दिलेली हवी, नेमक्या कामासाठी हवी, समजून दिलेली हवी, विनाअट हवी. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. एक बाई फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेते. ॲप दोन गोष्टींना संमती मागतं, तिच्या तब्येतीची माहिती आणि तिच्या फोनमधली संपर्क यादी. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, तिचं दुसरं 'हो' धरायचं नाही, कारण सल्ला द्यायला संपर्क यादी लागत नाही. हे वाचलं तेव्हा मला आपली खानदेशी घरं आठवली. ओट्यावर कोणीही बसावं, बैठकीत पाहुण्याने यावं, पण माजघरात शिरायला कारण लागतं. घरमालकाने "या, बसा" म्हटलं म्हणून कोणी देवघरापर्यंत चालत जात नाही. आणखी एक: या कायद्यात व्यक्तीचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, पुरुष असो की स्त्री. माझी मावशी त्या कायद्यात पहिल्या ओळीपासून आहे, असं मला वाटतं.

संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. एका बोटाने 'हो' आणि 'नाही'साठी बंगळुरूला पत्र, हे चालणार नाही. काम संपलं की माहिती पुसून टाकायला सांगता येईल. माहिती फुटली तर विश्वस्ताने तुम्हाला विनाविलंब कळवायचं आहे आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची खात्रीशीर संमती लागेल. दहावीचा निकाल लागला त्याच दुपारी क्लासवाल्यांचे फोन कसे येतात, या प्रश्नाला निदान एक कायदेशीर जागा मिळेल.

पण माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यांत मोठी तरतूद भाषेची आहे. संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे. बावीस पानं बारीक इंग्रजी आणि खाली 'आय अ‍ॅग्री', यावर आजवर आपण किती वेळा बोट ठेवलं असेल! समजून दिलेली संमती म्हणायची तर ती समजणाऱ्या भाषेत मागितलेली हवी, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला २०२३ उजाडावं लागलं. लेवा गणबोली आणि अहिराणी त्या अनुसूचीत नाहीत. तरी मराठी मागा. मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.

दुकानात मोबाइल नंबर मागतात, त्याचंही सांगून टाकतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. तुम्हाला पावती फोनवर हवी असेल तर द्या. नको असेल तर "कागदी पावती द्या" म्हणा आणि पैसे मोजा.

आता तो पाचवा नियम.

माहिती नीट न सांभाळल्यामुळे ती फुटली तर या कायद्यात दंड आहे २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण तो दंड जातो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपयाही नाही. मावशीने उद्या मंडळाकडे तक्रार केली, ती खरी ठरली, कोट्यवधींचा दंड झाला, तरी मावशीच्या हाती निकालाचा कागद येईल. उलट खोटी तक्रार केली तर तिला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

भरपाईची तरतूद विसरून राहिलेली नाही. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकात होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २०२३ ला जे आलं त्यात भरपाई नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, आज माहिती-तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम आहे. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे तुमची संवेदनशील माहिती फुटून नुकसान झालं तर ती भरपाई देईल, असं ते कलम सांगतं. नवा कायदा पूर्ण लागू होताना हे कलमच पुसलं जाणार आहे.

माहिती-तंत्रज्ञान कायद्याचा तो दरवाजा महाराष्ट्रात खरोखर उघडला होता. त्या कायद्याखाली राज्याचे माहिती-तंत्रज्ञान सचिव हेच निवाडा अधिकारी असतात. पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम भामट्यांनी काढली होती. कंपनीच्या माणसाने खोट्या ईमेलला उत्तर दिलं होतं, म्हणजे चूक त्याचीही होती. तरी २०१३ साली मंत्रालयात बसलेल्या निवाडा अधिकाऱ्याने बँकेला ४५ लाख रुपये भरायला सांगितलं, कारण ज्या खात्यांत पैसा वळवला गेला ती खाती उघडताना आणि व्यवहार होऊ देताना बँकेने घ्यायची ती काळजी घेतली नव्हती. दोघांची चूक, म्हणून नुकसान दोघांत वाटलं. मला हा निवाडा फार शहाणा वाटतो. गावातल्या पंचांनी अनामतीचा तंटा असाच सोडवला असता.

जळगाव जिल्ह्याला ठेव बुडण्याचं दुःख मी सांगायला नको. पतसंस्था बुडाल्या, संचालकांवर गुन्हे झाले, जप्त्या झाल्या, पण म्हाताऱ्या ठेवीदाराला विचारा: त्याला कोण तुरुंगात गेलं यात रस नाही, माझे पैसे कधी देता, हे तो विचारतो. त्याचा प्रश्न बरोबर आहे. माहितीच्या बाबतीत आपण कायदाच असा केला आहे की तो प्रश्न विचारण्याची जागाच उरू नये. युरोपात २५ मे २०१८ पासून जो कायदा लागू आहे त्याच्या ८२ व्या कलमात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क आहे, आणि ते नुकसान पैशांचंच असावं असंही नाही. मनस्तापही धरतात. जे तिथल्या माणसाला मिळतं ते यावलच्या माणसाला का मिळू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मग तोवर काय करायचं? माझ्या धंद्याची वाट सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे, आणि त्यातला एक प्रकार असा की ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला सांगणं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा भेसळ आणि मापातली खोट हे विषय होते. आता मापात खोट नाही, पण गिऱ्हाईकच मापून विकलं जातं. या कायद्याखाली तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, कारण तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत यायला हवं. आणि आयोग भरपाई देऊ शकतो. २०२३ च्या कायद्यात लिहिलं आहे की तो इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. दिवाणी न्यायालयांची दारं त्याने बंद केली आहेत, पण ग्राहक आयोग म्हणजे दिवाणी न्यायालय नव्हे. हा वाद पुढे वरच्या न्यायालयांत जाईल, विरोधी बाजू जोरात मांडली जाईल, हे मला दिसतं आहे. पण दार आज उघडं आहे तर त्यातून माणसं जायला हवीत. वापरात असलेली वाट बुजवायला जड जाते.

पुरावा हीच खरी अडचण आहे. आमच्या हाती चुकलेलं आडनाव आलं ते योगायोगाने. तुम्ही पावत्या जपा. फोन आला की तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. समोरच्याने तुमचं नाव नेमकं कसं उच्चारलं तेही लिहा.

सरकारविषयी न बोलता उतरलो तर ते योग्य होणार नाही. अनुदान, विमा, शेतकरी ओळख क्रमांक अशा कामांसाठी सरकारने माहिती वापरायला या कायद्यात वेगळी संमती लागत नाही, आणि केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षेच्या कारणाने कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. मंडळाचे सदस्यही तेच नेमणार. याच कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलम बदललं आणि तो बदल नोव्हेंबरातच लागू झाला. आधी व्यापक जनहित असेल तर अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती त्याच कलमाखाली मिळू शकत असे. आता 'वैयक्तिक' एवढं म्हटलं की नकार देता येतो, आणि जनहितासाठी दुसऱ्या पोटकलमाकडे जावं लागतं. ज्या महाराष्ट्राने अण्णा हजारेंच्या उपोषणांतून माहितीचा अधिकार ओढून आणला, तिथे ठेकेदाराचं नाव झाकायला मावशीच्या गुडघ्याची ढाल करू नये.

हे मी फैजपुरात बोलतो आहे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६ चं. यंदा त्याला नव्वद वर्षं होतील. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी एक संघ उभा करवला होता, रवींद्रनाथ टागोर त्याचे अध्यक्ष. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी राबून अधिवेशनासाठी इथे जे टिळकनगर उभं केलं, त्यात जमलेल्या कितीकांची पत्रं आणि तारा त्या काळी सरकार फोडून वाचत असे. १८८५ च्या तार कायद्याने आणि १८९८ च्या टपाल कायद्याने त्याला ती मुभा दिली होती. स्वराज्य आलं तरी ते दोन्ही कायदे पुढे कितीतरी दशकं आपल्या बोकांडी होते. त्या पिढीला विचारलं असतं की लपवण्यासारखं काय आहे, तर तिने काय उत्तर दिलं असतं?

आणखी एक, आणि हे समोर बसलेल्यांना उद्देशून आहे. आपणही विश्वस्त आहोत. तुमच्यात पतसंस्थेचे सचिव आहेत, दवाखाना चालवणारे आहेत, शाळेतले लिपिक आहेत, सेवा केंद्रात विम्याचे अर्ज भरणारी मुलं आहेत. वहीत लिहिलेलं वहीतच राहिलं तर हा कायदा तिथे येत नाही. त्याच वहीचा फोटो काढून संस्थेच्या कामासाठी फोनमध्ये फिरवला की येतो. लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसकट व्हॉट्सॲपवर टाकलेली मी पाहिली आहे, आणि टाकणारा माणूस सज्जन होता. लोकांना लवकर कळावं म्हणूनच त्याने ती टाकली होती. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेल्या आधारच्या प्रतींचा गठ्ठा भेळेच्या पुड्यांसाठी गेलेला पाहिला आहे. मे २०२७ ची वाट न बघता हे उद्या सकाळी थांबवता येईल. त्यासाठी कपाटाला एक कुलूप आणि यादीतून एक रकाना खोडायला एक पेन, एवढंच लागतं.

दाराजवळच्या टेबलावर मी एका पानाचा अर्ज मराठीत छापून ठेवला आहे. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, आणि काम संपलं असेल तर पुसून टाका, एवढंच त्यात विचारलं आहे. कोणत्याही दुकानाला, दवाखान्याला, कंपनीला तो आजही पाठवता येतो. उत्तर द्यायला ते अजून बांधलेले नाहीत, पण पोच घ्या आणि जपून ठेवा. मावशीने पहिली प्रत नेली आहे. अर्जावर नाव आणि सही एवढ्याच जागा आहेत. आधार क्रमांकाचा रकाना ठेवलेला नाही.